डावीकडे झुकलेला पिंपळ

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बोन्साय विकत घेणाऱ्या माणसाला मी जयभीम घालतो, चहा पाजतो, पण मनातून त्याला काडीची किंमत देत नाही! वीस वर्षांचं तयार झाड उचलून आणायचं आणि पाहुण्यांना दाखवायचं, म्हणजे शेजारच्या पोराच्या मार्कांचे पेढे आपण वाटायचे. झाड घडवावं लागतं. मी घडवलं.

आमची चैताली जन्मली त्याच आठवड्यात खडकीच्या क्वार्टरच्या पन्हाळीत पिंपळाचं बोटभर रोप उगवलं. बोधिवृक्षच की! अलगद काढून कुंडीत लावलं. तार गुंडाळली, छाटलं, पुन्हा छाटलं. सव्वीस वर्षांत दीड फुटांचा पिंपळ केला, बुंधा झोकात डावीकडे झुकलेला. कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी खात्यात होतो. केसभर चूक असलेला माल या नजरेखालून कधी सुटला नाही. त्या नजरेखाली वाढलेलं झाड ते.

चैतालीनं खराडीला फ्लॅट घेतला तेव्हा म्हणाली, "पप्पा, मला फ्रिज नको, टीव्ही नको. माझ्याबरोबर वाढलेलं ते झाड द्या." माझे डोळेच भरून आले.

आता लेकीला द्यायचं ते जुनाट कुंडीत कसं द्यायचं? नवी उथळ कुंडी आणली, मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि ऐन मे महिन्यात पिंपळाची निम्मी मुळं कापली! वर 'ऊन खाऊ दे बिचाऱ्याला' म्हणून गच्चीत ठेवला. तिसऱ्या दिवशी पानांचे पापड झाले. आठव्या दिवशी नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.  गृहप्रवेश रविवारी आणि तो दिवस होता शुक्रवार!

"अहो, झाड कुठं दिसत नाही?" आमच्या सौभाग्यवतींनी, सुंदराबाईंनी विचारलं.

"पॅकिंगला दिलंय."

"झाडाचं पॅकिंग?"

"हल्ली करतात."

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मेथी निवडायला लागली.

शनिवारी मी तोंडाला रुमाल बांधून करीमभाईंच्या नर्सरीत शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा! 'तयार झाडं विकणारा' म्हणून याच माणसाला मी वर्षानुवर्षं नावं ठेवत आलो होतो.

"या सुखदेवराव," करीमभाई म्हणाले. "रुमाल काढा, गुदमराल."

"एका मित्राला हवंय," मी म्हटलं आणि मोबाईलवरचा फोटो दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून फोटो पाहिला, आत गेले आणि एक पिंपळ आणून पुढ्यात ठेवला. तेवढाच बुंधा, तोच डावा झोक!

"अगदी असाच आहे हो!"

"असणारच," ते म्हणाले. "आणि मित्राला सांगा, मेमध्ये मुळं कापू नयेत."

मुळांचं मी अवाक्षर काढलं नव्हतं. पण घाईत होतो. चादरीत गुंडाळून झाड रिक्षात घातलं आणि सुटलो.

रविवारी बुद्धवंदना झाली, खीर झाली. पिंपळ बाल्कनीत मानानं विराजमान. चैतालीची ऑफिसातली मैत्रीण पायल म्हणाली, "अंकल, किती परफेक्ट! असं रेडी मिळतं ना नर्सरीत?"

बस! एवढं पुरे होतं. पाव तास मी बोललो. संयम, साधना, सव्वीस वर्षं, काहीही सोडलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाहुणे जेवायला आत गेले. चैताली कुंडीवर हात ठेवून तिथंच उभी राहिली. हळूच म्हणाली, "पप्पा, मी सायकल शिकले तेव्हा हे एवढंसं होतं ना?"

आणि मला राहवेना. लाज वाटली हो! पोटच्या पोरीला फसवतोय.

"बाळा, हे ते झाड नाही. ते माझ्या हातून मेलं. हे मी काल विकत आणलं."

तिनं रडायला हवं होतं. ती जमिनीकडे बघायला लागली.

"पप्पा, मी सेकंड इयरला असताना तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठवतंय? पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ट्रेकला गेले आणि विसरले. तुमचा काळा चष्मा सुटायच्या आत करीमचाचांकडून दुसरं आणलं."

"म्हणजे माझं झाड तू मारलंस?"

"तिनं नाही," सुंदराबाई मागून म्हणाली. "तिनं मारलं ते दुसरं. पहिलं ती चौथीत असतानाच गेलं. तुम्ही ट्रेनिंगला जबलपूरला होता. मी त्यात भाताची गरम पेज ओतली."

"गरम पेज! कशाला?"

"ताकद यावी म्हणून."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. तुम्ही आलात, झाड बघितलंत आणि म्हणालात, 'बघ, याला म्हणतात हाताचा गुण!' मग काय बोलणार?"

तेवढ्यात दारातून करीमभाई आत आले. चैतालीनं बाल्कनीसाठी मोगरा मागवला होता.

"करीमभाई, तुम्ही तरी सांगायचं!" मी ओरडलो.

"मी काय सांगणार?" त्यांनी शांतपणे मोगऱ्याच्या कुंड्या खाली ठेवल्या. "वहिनी पहिल्यांदा येऊन गेल्या तेव्हाच ओळखलं, हे घर पुन्हा येणार. तेव्हापासून एक पिंपळ डावीकडे वाकवूनच ठेवतो. तीन तुमच्याकडे गेले, चौथा सध्या तारेत आहे."

चैताली हसत हसत माझ्या गळ्यात पडली. "जाऊ द्या पप्पा, माया तर तुम्ही तिघांवर केलीत!" बाल्कनीच्या दारात उभ्या पायलच्या हातात खिरीची वाटी तशीच राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे उघड होतं.

चौतीस वर्षं तपासणी खात्यात!  लिफ्टनं खाली उतरताना करीमभाईंना जरा बाजूला घेऊन म्हटलं, "तो चौथा दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."