प्रौढ चित्रांच्या कायद्याचे चौथे कलम आणि निळोपंत चिटणीस

गजाननाचे चरणी लेखणी ठेवून आणि शारदेची क्षमा मागून, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे ज्येष्ठमासी एका राज्यात जे वर्तले, ते कानी आले तैसे लिहितो. निळो बल्लाळ चिटणीस म्हणोन दरबारी होते, वय बावन्न, चर्या सोवळी, आणि कायद्याचा मसुदा करावा तो त्यांनीच. त्या समयी मोबाइल घरोघर जाहले आणि इंटरनेटावरील प्रौढांची नागवी चित्रे लेकरांचे हाती पडू लागली. तेव्हा भागीरथीबाई म्हणोन शाळेच्या मुख्य बाई दरबारी येऊन बोलिल्या, "प्रधानजी, माझ्या वर्गातली दहा वर्षांची मुलगी अभ्यासाचे काही शोधू गेली आणि भलतेच पाहून बसली. आठ दिवस जाहले, कोणाशी बोलत नाही. बंदोबस्त करा." सभा गहिवरली आणि प्रधानजींनी आज्ञा केली की, ज्यास ऐसी चित्रे पाहणे असतील त्याने ओळखपत्र दाखवून वय सिद्ध करावे आणि त्याचे नाव सरकारी वहीत कायम राहावे.

मग निळोपंत मसुद्यास बसले, आणि तीन कलमे झोकात उतरली, आणि चौथे कलम वहीचे आले तो हात थांबला. कारण पंत स्वतः कचेरीचे दार लोटून, "संदर्भ तपासतो" ऐसे शिपायास सांगून, तीच चित्रे पाहत असत. गप्प राहावे तर वही होते, बोलावे तर अब्रू जाते, आणि मुलीची गोष्ट तर खरीच, ऐसा पेच पडला.

दुसरे दिवशी प्रधानजींनी पुसिले, "चौथ्या कलमास कोणाची हरकत?" अवघी सभा आपापल्या जोड्यांकडे पाहू लागली. मग निळोपंत उठले आणि बोलिले, "माझी आहे. गेल्या साली दवाखान्यातील रोग्यांची यादी फुटून बाजारभर जाहली. ही वही फुटली तर पहिले नाव माझे निघेल."

"पंत, तुमचे?"

"माझेच. पण वहीचे पान मोठे असते, प्रधानजी; एका नावाने भरत नाही."

तेव्हा सभेस एकाएकी खोकला आला. भागीरथीबाई मात्र बोलिल्या, "मज कोणाची नावे नकोत. पोरांपुढले दार बंद करा, म्हणजे जाहले." मग ठरले की, वय तपासावे, नाव कोठेही ठेवू नये, आणि मुलांचे मोबाइलास कुलूप असावे.

पंत घरी आले तो वार्ता आधीच पोहोचली होती. पत्नी सगुणाबाईंनी ताट वाढले, पाणी ठेविले आणि म्हणाल्या, "साऱ्या दरबारास सांगितलेत. आधी मला सांगायचे होते." वरण निवाले, आणि पंत ते तैसेच जेविले.

सारांश, कायदा जाहला, वही टळली, आणि मुलगी वर्गात पुन्हा बोलू लागली. ही हकीकत लिहिणाराने आपले नाव का घातले नाही, हे मात्र कोणी पुसू नये.