पहिले शील, मग सतरंजी

सकाळी सहाच्या आत आमच्या दाराची कडी वाजली, की बायको डोळेही उघडत नाही. कूस बदलून म्हणते, "काका खोटं परत घ्यायला आले असतील. जा."

रामटेके काका आमच्या गल्लीत शेवटच्या घरात राहतात. दिवसभरात तोंडून एखादं खोटं निसटलं, तर दुसऱ्या दिवशी ते ज्याच्याजवळ बोलले त्याच्या दारात जाऊन दुरुस्त करतात. "मास्तर, काल मी चहा मस्त झाला म्हनलो ना? नव्हता झाला. पानचट होता. सूनबाईले सांगून देजो." सूनबाई आतून ऐकत असते. तिला सांगायची गरज मला आजवर पडलेली नाही.

काका रेल्वेच्या फाटकावर होते. एकदा फाटक पाडलं की कलेक्टर आला तरी उचलायचं नाही, ही सवय रिटायर झाल्यावरही गेली नाही. लग्नाची पत्रिका घेऊन गेलं तर तुम्हीआम्ही "नक्की येतो" म्हणून मोकळे होतो. काका म्हणतात, "आठवन रायली, तब्येत बरी रायली, आनि यायचं मन झालं त येईन." डास मारत नाहीत. वाटीखाली पकडून अंगणात सोडतात, आणि तो तिथून थेट आमच्याकडे येतो.

एकदा बुद्धविहारातली मंडळी जीप करून नागझिऱ्याला गेली होती. मीही होतो. गाइड म्हणाला, "पाच मिनिटं आधी वाघ इथंच होता."

"तू पाह्यला?" काकांनी विचारलं.

"नाई."

"मंग पाह्यला नाई म्हनून सांग ना बापा. आमाले वाईट नाई वाटनार."

गाइडला मात्र वाईट वाटलं. त्यानं नंतर आम्हाला हरीणसुद्धा दाखवलं नाही.

मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात रोज सकाळी साडेसहाला तासभर ध्यान असतं. दार उघडणं, झाडू मारणं, सतरंज्या घालणं आणि सुरुवातीला व शेवटी घंटी देणं ही कामं काकांची. त्यांचं पालुपद एकच, "पहिले शील, मंग सतरंजी." या सतरंजीवर मला जागा हवी होती, तिथून माझी फजिती सुरू झाली.

मी शाळामास्तर. वर्गात ओरडून ओरडून बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मन शांत ठेवा म्हणून सांगितलं. आधी मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्यातली बाई रोज श्वासाकडे पाहा म्हणायची. तीन दिवसांत मला झोप लागायला लागली, तीही वर्गात. मग कोणीतरी नागपूरकडच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराचं नाव काढलं. परीक्षेच्या तोंडावर मन शांत करायला सुट्टी कोण देतो? मी अर्जात लिहिलं, 'वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्यामुळे.' हेडमास्तरांनी डोळे पुसत सही केली. वडील त्या वेळी गावी, कामठ्याला, धानाचं पोतं पाठीवर घेऊन पायऱ्या चढत असावेत.

शिबिरात पहिल्याच संध्याकाळी पंचशील घ्यायला लावलं. खोटं बोलणार नाही, असं मी हात जोडून म्हणालो आणि पुढे खरंच बोललो नाही, कारण तिथं बोलायचीच बंदी होती. अडचण वेगळीच झाली. डोळे मिटले की श्वास दिसायच्या आधी हेडमास्तर दिसायचे.

मी परत आल्यावर ते रोज विचारू लागले, "बाबूजी कैसे हैं?" मी सांगू लागलो, आता थोडं चालतात, आता पोळी खातात. विज्ञानाच्या मॅडमनी लसणाचं काहीतरी करून दिलं. महिन्याभरात मी बापाला अँजिओग्राफीपर्यंत नेऊन ठेवला. हेडमास्तरांनी त्याच्यासाठी देवीला नारळ बोलला. आणि एक दिवस ते म्हणाले, "इस संडे को हम सब कामठा चलेंगे, बाबूजी को देखने."

घाबरून मी सकाळी विहारातच काकांना गाठलं. म्हटलं, मलाही बसू द्या, मन फार अस्वस्थ आहे. काकांनी सतरंजी पसरायला घेतली आणि सहज विचारलं, "शिबिराची सुट्टी कशी भेटली गा?"

मी सांगितलं. काकांनी सतरंजी परत गुंडाळली.

"डोये मिटले का हेडमास्तरच उभा रायते ना?"

मी दचकलो. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"ज्याले फसवलं तोच पहिले येते. फाटक उघडं ठेवून कोनी गाडी पास करते का? पहिले शील, मंग सतरंजी."

मी वाद घातला. आधी मन शांत होऊ द्या, मग खोटं आपोआप सुटेल, हा माझा सिद्धांत. अशा वेळी मला सिद्धांत फार लवकर सुचतात.

"चिखलाचे पाय घेऊन पलंगावर चढशीन," काका म्हणाले, "आनि म्हनशीन झोपेत धुतल्या जातीन?"

तीन दिवस मी हेडमास्तरांच्या केबिनपर्यंत जाऊन खडू मागून परत आलो. माझ्या कपाटात खडूंचे तीन डबे जमले. सर्व्हिस बुकात लाल शाई लागायची भीती होतीच. पण ज्यानं माझ्या बापासाठी नारळ बोलला, त्याच्या तोंडाकडे बघून हे सांगायचं, याचीच जास्त भीती होती. शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर मी सगळं सांगून टाकलं.

हेडमास्तरांनी पेन खाली ठेवलं. "मतलब, बाबूजी को कुछ नहीं हुआ?"

"नाही सर."

"चलो, ये तो अच्छा है." मग ते म्हणाले, "दस दिन बिनापगारी लिख रहा हूँ. और आज से सिर्फ काम की बात कीजिए." आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. मला रडू आलं. पण या वेळी मी खडू न मागता बाहेर पडलो.

ती बातमी द्यायला मी धावतच काकांकडे गेलो. खरं सांगतो, शाबासकी हवी होती. दार उघडंच होतं. काकू खाटेवर बसल्या होत्या, पुढ्यात भाताचं ताट तसंच होतं. काका त्यांना सांगत होते, "संजूचा फोन आलता. आत्ताच, मी बाहेर ओट्यावर होतो तवा. तुयी तब्येत विचारत होता."

संजू त्यांचा मुलगा, पुण्याला असतो.

"मंग मले काऊन नाई देला?"

"घाईत होता."

तेवढ्यात काकूंचं दारातल्या माझ्याकडे लक्ष गेलं; त्यांना वाटलं, मीही ओट्यावरूनच आत आलो. "मास्तर, हे तुमच्यासंगंच ओट्यावर होते ना? खरंच आलता का फोन?"

काकांनी मला खूण केली नाही. ते खाली जमिनीकडे पाहत राहिले. मला खरं बोलून पुरता अर्धा तास झाला नव्हता.

"आला होता काकू," मी म्हणालो. "मी ऐकला ना."

काकूंनी ताट ओढलं आणि जेवायला लागल्या.

काका मला बाहेर घेऊन आले. "पोराले पाह्याले पाहुने आलते. मी सांगून देलो, नोकरी कच्ची आहे. कच्चीच होती. लगन मोडलं. तीन साल झाले, फोन नाई. आलता म्हनून सांगतलं नाई त तुयी काकू भात नाई खात. रोज सांगतो."

"मग रोज ध्यानाला..."

"कोनतं ध्यान गा? घंटी देलो का तुमचे सगळ्यायचे डोये मिटते. मी बाहेर येऊन पायरीवर बसतो. तास झाला का आत जाऊन घंटी देतो. कोनाले पता नाई."

"काका, यात पाप कसलं?"

"पापाचं मी नाई म्हनत. हे खोटं मी उद्याबी बोलीन. पन बोलून मंग आत जाऊन शांत बसलो, त ते चोरी होईन." थोडं थांबून म्हणाले, "आता तुलेबी आत बसता नाई येत."

ज्या जागेसाठी मी हेडमास्तर गमावले, ती मला मिळायच्या आतच गेली होती.

"पायरीवर येजो," काका म्हणाले. "तिथं कोनी नसते गा बोलाले."

दुसऱ्या दिवशी घंटी झाली, आत सगळ्यांचे डोळे मिटले आणि मी काकांशेजारी जाऊन बसलो. काका संजूबद्दल बोलू लागले. तो पहिल्यांदा सायकल शिकला तेव्हाचं, तो फाटकावर डबा घेऊन यायचा तेव्हाचं, आणखी कितीतरी. बोलता बोलता ऊन पायरीवर आलं, साडेसात होऊन गेले, तरी आम्हा दोघांच्या लक्षात आलं नाही. आत सगळे बिचारे डोळे मिटून घंटीची वाट पाहत बसले होते.