चुनीलालभाईंची उंच जीप

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा बरं. मिटलेत? आता असं समजा, की काळ्या मातीतून एक गाडीवाट चालली आहे. पावसाळ्यात तिच्यावरून बैलगाड्या गेल्या. लोण्यासारख्या चिखलात चाकांनी दोन खोल चर पाडले आणि मधली माती तशीच उभी राहिली, म्हशीच्या पाठीसारखी! मग उन्हाळा आला आणि ती सगळी माती वाळून दगड झाली. बैलगाडीला त्याचं काही नाही, तिचं पोट उंच असतं. पण त्याच वाटेवरून तुम्हाला जीप न्यायची आहे. कशी न्याल?

विचार करत राहा. साठ-बासष्ट सालच्या सुमाराला तापीकाठच्या एका गावात चुनीलालभाई पाटील राहत. त्यांच्याजवळ या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. त्यांच्याजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असे, प्रश्न पुरता ऐकून घेण्याच्या आधीच!

त्यांची जीप लष्कराच्या लिलावातली. रोज सकाळी दुधाच्या बरण्या, केळीचे घड आणि गावातली चार-सहा माणसं घेऊन ती नंदुरबारला जायची आणि दुपारी पेंडीची पोती घेऊन परत यायची. चुनीलालभाईंचा तिच्यावर फार जीव. "मन्ही जीप भिंतवर चढी जाई!" असं ते चारचौघांत सांगत. भिंतीवर चढून दाखवा, असं कुणी म्हणालं नाही, म्हणून बरं.

त्यांची धाकटी बहीण शांतीबाई रनाळ्याला दिलेली. सासरे भाईदासकाका मोठे शेतकरी, गावाबाहेर मळ्यातच घर बांधून राहणारे. आता खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. लेक माहेरी येणार, झाडाला झोका बांधणार, गाणी म्हणणार! तिला आणायला माहेराहून जो जातो तो मुराळी. मागल्या अखाजीला चुनीलालभाई मुराळी होऊन गेले ते अर्थात जीप घेऊन. आणि मळ्याच्या वाटेवर काय झालं असेल, सांगा? जीप त्या मधल्या वरंब्यावर टेकली आणि चारही चाकं जागच्या जागी भिरभिरत राहिली!

भाईदासकाका शांतपणे चालत आले. जीपभोवती एक फेरी मारली. मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "काय चुनीलाल, तुन्ही जीप अंडा दी ऱ्हायनी का?"

काकांनी बैल जुंपून जीप ओढून काढली. एवढ्यावर निभावलं असतं. पण चुनीलालभाई छाती काढून म्हणाले, "काका, पुढल्या अखाजीला हीच जीप तुमच्या दारात उभी करीन. येताना तुमचे बैल लागले, तर शांतीला पाठवू नका!"

"ठरलं!" काका म्हणाले.

शांतीबाईनं कपाळावर हात मारला. "भाऊ, तुन्हा तोंडले कुलूप नही का रे?"

तोंडाला नव्हतंच. वर्ष सरत आलं, अखाजी महिन्यावर आली आणि चुनीलालभाई नंदुरबारला जालमसिंग मिस्त्रीच्या कारखान्यात जाऊन बसले.

"जालमसिंग, जीप उंच करायची!"

आता जीप उंच कशी करतात, ते ऐका. जीपचं सगळं अंग चार ठिकाणी लोखंडी पाट्यांवर पेललेलं असतं. एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्या, धनुष्यासारख्या. चाक खड्ड्यात गेलं, की त्या लवतात आणि आपली हाडं वाचतात. जालमसिंगनं चहा मागवला आणि डोकं खाजवून सांगितलं, "भाई, पाटे वाढवू. ट्रकचे दोन-दोन पाटे घालतो. चार बोटं उंच होईल."

शेजारी दोधू लोहार घण टेकवून ऐकत होता. तो म्हणाला, "ट्रकचे पाटे? हाडं मोडतील! पाटा ज्या कडीला लटकतो ना, ती कडीच लांब करू. मी घडवून देतो. माझ्या कडीनंपण चार बोटं उंच होईल."

धडगावच्या घाटात जीप चालवणारा गोवाल पंक्चर काढायला आला होता, तो म्हणाला, "दोघं चुकताय. या जीपचे पाटे आसाच्या, दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खाली आहेत. काढा आणि आसाच्या वर बसवा. एकदम वीतभर उंच!"

तिघांचं जोरात जुंपलं. प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं आणि खरं सांगायचं, तर प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतंही. शहाणा माणूस अशा वेळी तिघांतलं एक निवडतो. निवडण्याआधी निदान एकदा जीपखाली वाकून बघतो, की आपलं अडतं नेमकं कुठं. चुनीलालभाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तिन्ही करा!"

"तिन्ही?" तिघं एकदम ओरडले.

"बहिणीचा प्रश्न आहे!"

चार दिवसांनी जीप गावात आली, तेव्हा पोरं आधी पळाली आणि मग परत आली. जीप कसली ती! उंटाला चाकं लावल्यासारखी दिसत होती! चुनीलालभाई वरून, शेतातल्या मचाणावर बसल्यासारखे, सगळ्यांचे रामराम घेत होते.

त्यांच्या आई धनुबाई दर मंगळवारी बाजाराला जात. त्या जीपजवळ आल्या, मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "माय वं! हाई जीप शे का माडी? मन्हा पाय इतला उच्चा जास का?"

"आई, ओट्यावरून बसा," चुनीलालभाई म्हणाले. जीप ओट्याला लावली, धनुबाई ऐटीत बसल्या. प्रश्न सुटला! पण बाळांनो, चढवण्याचा सुटला. नंदुरबारच्या बाजारात काही आपला ओटा नव्हता. दोघांनी हात धरले, एकानं पाठ वाकवून दिली, तरी धनुबाई खाली यायला तयार होईनात. शेवटी जीप रेल्वेच्या मालधक्क्याला लावली आणि त्यांना पोत्यांच्या रांगेत उतरवलं. मालबाबूनं चष्मा वर करून विचारलं, "हा माल कुठला? पावती कुठाय?"

"मन्हा पोऱ्याले इचार!" धनुबाई कडाडल्या. पुढले सगळे मंगळवार त्या बैलगाडीनं बाजाराला गेल्या.

दुधाची तर आणखीच तऱ्हा. ट्रकचे पाटे ट्रकच्या वजनाला लवतात. आपली जीप त्यांच्या खिजगणतीत नव्हती! खडा आला, की जीप उडायची आणि जीपबरोबर दुधाच्या बरण्या उडायच्या. नंदुरबारला हलवायानं बरणीचं झाकण काढलं आणि आत बोट बुडवलं. "चुनीलालभाई, तुम्ही दूध आणता की ताक? वर लोणी आलंय!" केळी पिकायच्या आधीच शिकरण व्हायला लागली. सुकाणू इतकं जड झालं, की उजवीकडे वळायचं असेल तर आधल्या गावापासून तयारी करावी लागे. रोजची माणसं एकेक करून "आज जरा पायी जातो, तब्येतीला बरं" असं म्हणू लागली.

"थोडं सोसा," चुनीलालभाई सगळ्यांना सांगत. "अखाजीला कळेल!"

त्यांची मुलगी कोकिळा दहा वर्षांची. तिला जीपशी काही देणंघेणं नव्हतं, तिला फुई हवी होती. आत्याला तिकडे फुई म्हणतात. फुईइतका उंच झोका गावात कुणाचा जात नसे. अखाजीच्या दोन दिवस आधी चुनीलालभाई निघाले, तेव्हा कोकिळा सांजोऱ्यांचा डबा आणि फुईचं नवं लुगडं मांडीवर घेऊन शेजारी बसली. बसली म्हणजे काय, रनाळ्यापर्यंत ती जितका वेळ बाकावर होती, तितकाच वेळ हवेत होती.

मळ्याची वाट आली. तोच चर, तोच वरंबा. त्या वर्षी काकांच्या कापसाच्या गाड्या भरपूर गेल्या होत्या, त्यामुळे वरंबा आणखीच माजला होता आणि वाटेच्या दोन्ही बाजूला कुंपण. बगल द्यायला जागा नाही. दूर अंगणात भाईदासकाका खाटेवर बसलेले. बैल गोठ्यात. शांतीबाई दारात, डोक्यावर पदर, गाठोडं बांधून तयार.

"घट्ट धर, कोकी!" चुनीलालभाई म्हणाले आणि त्यांनी जीप चरात घातली.

आणि जीप चालली! शंभर पावलं गेली. दोनशे गेली. पोट कशालाही लागेना. चुनीलालभाईंनी एक हात सोडून अंगणाकडे हलवला. भाईदासकाका खाटेवरून उठून उभे राहिले. शांतीबाईनं गाठोडं उचललं. दार पन्नास पावलांवर राहिलं.

आणि — खड्ड्‌!

जीप थांबली. चाकं भिरभिरली, धुरळा उडाला, पण जीप काही हलेना.

"अशक्य!" चुनीलालभाई ओरडले. "पोट तर हातभर वर आहे!"

कोकिळानं डबा बाजूला ठेवला, जीपवरून उडी मारली आणि पोटावर झोपून खाली पाहिलं. मागच्या दोन चाकांना जोडणारा आस असतो ना, त्याच्या मधोमध घागरीएवढा लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रं त्याच्या पोटात असतात. तो गोळा वरंब्यात रुतून बसला होता.

"बापू, हाई तं पहिलेथून तठेच शे!"

"काय तिथंच आहे?"

"हाऊ गोळा! तुम्ही वरलं सगळं उच्चं करं. हाऊ तं चाकसले जोडेल शे. खाट उच्ची करी, म्हनजे खाटखालनी मांजर उच्ची व्हस का?"

चुनीलालभाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यात उत्तर तयार नव्हतं! पाटे वाढवले, कड्या वाढवल्या, पाटे खालचे वर केले. जीपचं अंग, बाक, बरण्या, आई, सगळं उंच झालं. आस मात्र चाकांच्या मध्ये होता तिथंच राहिला होता. कारखान्यातल्या त्या तिघांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण चुनीलालभाईंनी "जीप उंच करा" एवढंच सांगितलं होतं. काय अडतंय, हे ना त्यांनी सांगितलं, ना कुणी विचारलं.

तिकडे अंगणात भाईदासकाका परत खाटेवर बसले. "काय चुनीलाल," त्यांनी तिथूनच हाक दिली, "अवंदा तं उच्ची बठीसन अंडा दी ऱ्हायनी!"

शांतीबाईनं गाठोडं हळूच खाली ठेवलं. चुनीलालभाईंना वाटलं, कुठं तरी लपावं. पण त्या जीपवर लपणार कुठं? ते इतके उंच बसले होते, की मळ्यातल्या सगळ्या माणसांना, बैलांना आणि बहुधा शेजारच्या गावालाही दिसत होते. खाली उतरायचं, तर ओटा नव्हता.

आणि उंचीवरून त्यांना दिसलं, की कोकिळा चालायला लागली आहे.

तिनं अंगावरची धूळ झटकली होती. डोक्यावर सांजोऱ्यांचा डबा, काखेत लुगडं, आणि ती तापलेल्या चरातून पन्नास पावलं चालत थेट काकांच्या अंगणात गेली. दारापुढं उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, मी मुराळी शे. फुईले लेवाले उनू."

"तुन्हा बाप शर्त हारना," काका म्हणाले.

"शर्त बापूनी. मी तं पायी उनू!"

काका हसू दाबायला मिशी चावू लागले. तेवढ्यात आतून शांतीबाईंच्या सासूबाई, प्रमिलाबाई, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आल्या. "पोरगी उन्हात पायी आलीय आणि तुम्ही शर्ती मोजताय? या घरातून मुराळी कधी एकटा परत गेला नाही. आज जाणार नाही!" त्यांनी कोकिळाचे पाय धुतले, तिच्या हातावर गूळ ठेवला आणि वळून म्हणाल्या, "शांते, उचल गाठोडं!"

भाईदासकाकांनी हात जोडले. घरात त्यांचं जितकं चालत होतं, तितकं चालून संपलं होतं. तरी जाता जाता एक टोला हाणल्याशिवाय त्यांना राहवेना. "बरं, मुराळीबाई, फुईले कसामा लई जाशी?"

"जीपमा."

"जीप तं अडकेल शे!"

"मंग बैल द्या ना, आजोबा."

"बैल?" काका ताडकन उठले. "बैल लावाना नही, आसं ठरेल व्हतं ना?"

"येवाना वखतले लावाना नही, आसं ठरेल व्हतं," कोकिळा गूळ चघळत म्हणाली. "जावाना वखतले लावाना नही, आसं कोनी सांगं?"

काकांनी प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाईंनी शांतीबाईकडे पाहिलं. शांतीबाईनं पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. जीपवर बसलेले चुनीलालभाई आभाळात काहीतरी शोधत होते.

आणि काका उत्तर जुळवत होते, तोवर कोकिळा गोठ्यात गेली आणि तिनं बैलांची दावी सोडली.