विंध्यदेवाचं नाक

कोणताही थोर राजा मेल्याशिवाय देखणा होत नाही. हे सत्य ध्यानी घेऊन अमरावतीत राजा विंध्यदेव स्मृतिपदक समिती स्थापन झाली (सभासद एकवीस, पैकी इतिहास वाचलेले शून्य, म्हणून पूर्णतः निःपक्षपाती. प्रस्तुत लेखक सचिव). पाचशे पदकांसाठी राजाची छबी कोरण्याचं काम अकोल्याच्या माया तायडे यांना देण्यात आलं.

मायाताईंच्या हातून एक अक्षम्य चूक झाली. त्यांनी राजाचा खरा चेहरा शोधला. विंध्यदेवाने हयातीत पाडलेलं तांब्याचं नाणं त्यांना एका संग्रहालयात सापडलं. बसकं नाक, दुहेरी हनुवटी, तुटकी कानपाळी. तीन आठवडे खपून त्यांनी ते जसंच्या तसं ठशात उतरवलं.

अध्यक्ष शेषराव ठसा पाहून खुर्चीतच मागे सरले.

"राजाले असं नाक असते काय, बाई?"

"होतं, भाऊ. त्यानं सोताच पाडलेल्या नाण्यावर हाये."

"त्याले काय समजते!"

हा मुद्दा एकमताने मंजूर झाला.

नाक सरळ करण्यात आलं. हनुवटी एकच ठेवण्यात आली (दुसरी इतिहासजमा). मग अकोल्याचे सभासद उठले. राजा उजवीकडे पाहतो, म्हणजे नकाशाप्रमाणे अमरावतीकडे, अकोल्याकडे पाठ! डावीकडे वळवला, तर अमरावती रुसली. समोर पाहणारा राजा परतवाड्याच्या सभासदांना डोळे वटारल्यासारखा वाटला. सात बैठका आणि एकोणीस ठसे झाल्यावर मायाताईंचा तोल गेला.

"मंग पाठमोराच करू काय?"

समितीने टाळ्या वाजवल्या.

पदकावर पागोट्याची मागची बाजू आली. पाचशे मानकऱ्यांनी ते कपाळाला लावलं. कित्येकांचे डोळे पाणावले. तक्रारी : शून्य. मायाताईंनी तेवढं पदकाच्या कडेला आपलं नाव घालायला नकार दिला. जागा वाचली, तिथे अध्यक्षांचं आलं.

पहिला ठसा मायाताईंनी अकोल्यातल्या आपल्या दुकानात, काचेमागे ठेवला आहे. येणारं-जाणारं विचारतं, "हा कोन हाये व, ताई?"

"राजा."

लोक हसतात.

आपणही मघाशी त्या हनुवटीपाशी हसलात, याची नोंद घेण्यात आली आहे. समितीत बाविसावी जागा निर्माण केली आहे. आपण अर्ज करण्याची गरज नाही.