सुट्टीस पात्र हृदय

अकोल्यातील एका हृदय रुग्णालयाने दसऱ्याच्या तोंडावर असा नियम केला, की ज्या रुग्णाचे शिक्षण पूर्ण झालेले नाही त्याला घरी सोडू नये. नियम चांगलाच होता. माणूस बरा होऊन घरी जातो, पुन्हा तेच खातो आणि पुन्हा येतो, हे रुग्णालयाला मुळीच आवडत नव्हते. निदान फलकावर तरी तसे लिहिले होते.

या नियमात पहिले सापडले ते बाळापूरकडचे नत्थुजी. त्यांचा झेंडूचा मळा. छातीत कळ आली, स्टेंट बसला, कळ गेली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. आता घरी जा." नत्थुजींनी लगेच चपला पायांत सरकवल्या. दसरा आठवड्यावर आला होता आणि दसऱ्याच्या आत न तोडलेला झेंडू नंतर बकरीसुद्धा हुंगत नाही.

दाराशी सिस्टर गीतांजली उभ्या होत्या. एका हातात प्लास्टरचे हृदय, दुसऱ्या हातात प्रश्नपत्रिका.

"बाबा, तुमचं शिक्षण राहिलंय."

"सातवी झाली ना माय माही."

"हृदयाचं म्हणते मी. बसा. रोज अर्धा तास चालणार का?"

नत्थुजी विचारात पडले. "दिवसभर वावरात चालतो. अर्ध्या तासावर येवाले जरासा टाइम लागीन."

"मीठ कमी करणार?"

"ते वच्छलेच्या हातात हाये."

"ठेचा, पापड, लोणचं बंद?"

"पापड सोडतो. ठेच्याचं खोटं नाई बोलत."

तिन्ही प्रश्नांचे छापील उत्तर 'हो' असे होते. सिस्टरांनी नाइलाजाने तीन फुल्या मारल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. पण फुली मारली नसती तर त्यांचे स्वतःचेच शिक्षण अपूर्ण ठरले असते.

"सिस्टर, माहा एक सवाल होता," नत्थुजी म्हणाले. "हे रक्त पातळ कराची गोळी कवापर्यंत घ्याची?"

"बाबा, प्रश्न आम्ही विचारायचे असतात. तुमच्या शंका शेवटच्या तासाला."

शेजारच्या खाटेवर मूर्तिजापूरचे देवराव होते. त्यांची ही रुग्णालयातली तिसरी खेप. सिस्टरांनी तोंड उघडले, की देवराव "हो मॅडम" म्हणत. एकदा तर सिस्टर नुसते खिडकी लावू का विचारत होत्या, तेवढ्यात देवरावांनी तंबाखू सोडला. ते विशेष गुणांनी उत्तीर्ण झाले, प्लास्टरचे हृदय छातीशी धरून त्यांचा फोटो निघाला आणि ते घरी गेले.

नत्थुजींच्या उत्तरात मात्र 'वच्छला' हे नाव नोंदले गेले होते. फेरीला आलेल्या वरिष्ठांनी शेरा मारला, 'स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण प्रलंबित.' त्यामुळे झेंडूच्या तोडणीची जुळवाजुळव करीत असलेल्या त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंना बोलावून घेण्यात आले.

"फोडणीला तेल किती घालता?"

"तर्री दिसेपर्यंत."

"हे कुणी शिकवलं?"

"आमच्या सासूबाईनं."

तेव्हा सासूबाईंना, म्हणजे मैनाबाईंना, आणावे लागले. म्हातारीने प्लास्टरचे हृदय हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. "माये, याच तेलावर मी नातसुना पाह्यल्या. तू कोन्तं तेल खातं व? अशी वाळून काहून राह्यली?"

सिस्टरांनी फुली मारली. मग विचारले, "या भांड्यातलं आणखी कोण जेवतं?"

"तोडनाऱ्या बाया. दसऱ्याच्या दिवसाइत समद्या आमच्याकडंच जेवतेत."

दुसऱ्या दिवशी तोडणाऱ्या बायाही वर्गात बसल्या. मळ्यात आता फक्त बुजगावणे उरले. त्याच्या आहाराची चौकशी रुग्णालयाने केली नाही, हीच त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

इकडे नत्थुजींचे बीपी वाढले. वाढलेल्या बीपीवर रुग्णाला सोडता येत नाही, हा नियम तर जुनाच होता. म्हणून अमरावतीहून ताण कमी करणाऱ्या तज्ज्ञ रागिणीताई आल्या. त्यांचा आवाज फार मऊ होता.

"काका, मला सांगा, तुम्हाला ताण कशाचा आहे?"

"तुमचाच."

'रुग्णास ताणाचे कारण ओळखता येत नाही,' असे रागिणीताईंनी लिहिले आणि उपचार सुरू केला. "डोळे मिटा. लांब श्वास घ्या. आता फुलांनी गच्च भरलेला एक मळा डोळ्यांपुढे आणा."

नत्थुजींनी आणला. बीपी आणखी चढले.

त्याच संध्याकाळी रुग्णवाहिकेतून देवराव परत आले. स्टँडवरच्या कचोरीने घात केला होता. त्यांचे गुण पैकीच्या पैकी असल्याने दोष शिक्षणात नसून कचोरीत आहे, हे उघड होते. उलट इतका हुशार रुग्ण आयता हाती आलाच आहे, तर त्याच्याकडूनच नत्थुजींची तयारी करून घ्यावी, असे ठरले.

देवराव नळ्या सांभाळत कुशीवर वळले. "नत्थुजीभाऊ, तुमी नापास काहून होऊन राह्यले?"

"खरं सांगतो म्हून."

"खरं कोनं इचारलं तुमाले?"

"त्या सिस्टर रोज तं इचारतेत, चालान का म्हून!"

"अरे बापा, ते चालन्याचं नाई इचारत. सुट्टी पायजे का, एवढंच इचारून राह्यले."

आयुष्यात इतक्या सोप्या भाषेत नत्थुजींना कुणी काही शिकवले नव्हते.

सकाळी फेरपरीक्षा झाली. चालणार? हो. मीठ? हो. ठेचा? इथे नत्थुजींना आधी ठेचा आठवला, मग मळा आठवला आणि 'हो' निघाले. मागून वच्छलाबाई हो म्हणाल्या, बाया हो म्हणाल्या. मैनाबाईंना प्रश्न ऐकू आला नाही. त्यांची मान वयाने हलतेच, ती ग्राह्य धरली.

"शेवटचा प्रश्न," सिस्टर म्हणाल्या. "सगळं समजलं?"

"हो."

सगळे समजल्यामुळे शंकांचा तास रद्द झाला.

डॉक्टरांनी सिस्टरांना विचारले, "यांना नीट समजावलंत ना?" सिस्टर म्हणाल्या, "हो सर." मग तपासणी समितीने डॉक्टरांना विचारले, "नियमाचा उपयोग होतोय ना?" डॉक्टर म्हणाले, "हो." समितीला वर कुणी काय विचारले ते कळले नाही, पण उत्तराचा अंदाज करता येतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी मंडळी टेम्पोत बसून निघाली. झेंडू अजून झाडावर होता. टेम्पोने शहर सोडले तेव्हा वच्छलाबाईंनी पिशवीतली औषधे काढून पाहिली.

"अवो, हे रक्त पातळ कराची गोळी कवापर्यंत घ्याची मंग?"

"सांगतलं ना त्याइनं."

"तुमाले समजलं ना पन?"

"हो," नत्थुजी म्हणाले.

वच्छलाबाईंनी समाधानाने पिशवीचे तोंड बांधले. शेवटी त्याही उत्तीर्णच होत्या.

आता वाचकांकडे वळतो. तुमच्या घरी रोज सकाळी एक गोळी घेतली जाते. ती कशासाठी आणि कुठवर घ्यायची, हे तुम्ही डॉक्टरांना विचारून ठेवले असेलच. उद्यापासून फिरायलाही जाणार आहात, आणि ताटातले मीठही कमी करणार आहात.

हो ना?

उत्तम. तुम्हाला सुट्टी.