दोन तोंडांचा खिसा

"टेप लागते ती शिकाऊ लोकांना! माझी बोटं मापात चुकत नाहीत!" असं मास्तर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गळ्यात टेप अडकवायचे ती निव्वळ शोभेला. आणि होतंही तसंच. कापड नुसतं चिमटीत धरलं की धुतल्यावर ते किती आटणार हे मास्तर सांगून मोकळे. एकदा तर कुणाशी तरी हस्तांदोलन करून त्यांनी त्याच्या पँटचं माप काढलं होतं! पँट जरा घट्ट झाली खरी, पण तो माणूसच मध्यंतरी सुटला, असं मास्तरांचं ठाम मत.

पैशाच्या बाबतीत मात्र ही बोटं थेट आंधळी होती. मास्तरांचं दुकान पुढे आणि घर मागे. मध्ये एक पडदा, तोही बिनदुमडीचा, कारण 'खालची शिलाई नंतर घालू' म्हणून मास्तरांनी तो टांगला तेव्हा मुलगी जन्मायची होती. आता ती कॉलेजात जायची. हा पडदा माणसांना अडवत असे, पैशांना नाही. दुकानात आलेल्या ॲडव्हान्समधून गॅस यायचा, भाजीच्या पैशातून बटणं यायची. मुलीच्या फीपायी एका नवरदेवाच्या कोटाचं अस्तर रखडलं, ते आणायला बायकोने साठवलेले पैसे गेले, आणि ते परत करायला मित्राकडून उसने घेतले. नवरदेव बिचारा बिनअस्तराचा बोहल्यावर चढायचा, तो थोडक्यात वाचला!

या सगळ्या खिचडीत काजं करायच्या मशीनचे दोन हप्ते थकले. हे मशीन म्हणजे दुकानाचा प्राण. त्याच्या जोरावर एका दवाखान्याच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. तिसरा हप्ता येत्या शनिवारी चुकला तर मशीन उचलून नेणार होते, आणि मशीनमागोमाग ते कामही.

कर्जाला जामीन होते मास्तरांचे साडू. ते बँकेत होते, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशाबद्दल त्यांना फार कळायचं. रविवारी ते बायकोला घेऊन हजर झाले.

"मास्तर, घर वेगळं, दुकान वेगळं. दुकान हा एक वेगळा माणूस आहे असं समजा!"

"समजलो."

"त्याच्या खिशात तुम्ही हात घालायचा नाही. त्याने तुम्हाला रोज पगार द्यायचा. तेवढ्यात घर चालवायचं. हप्ता दुकानाच्या खिशातून."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमचं मशीन जाईल आणि थकलेले पैसे माझ्या पगारातून जातील. मग माझ्या घरात जे काही होईल..." साडूंनी पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड त्यांची बायको, म्हणजे मास्तरांची मोठी मेव्हणी, बसली होती. साडूंनी वाक्य गिळलं.

मास्तर पेटले! साडू चहा पिईपर्यंत त्यांनी स्वतःसाठी एक ॲप्रन बेतलासुद्धा. पोटावर आडवा, ऐसपैस खिसा. डावीकडून एक तोंड, उजवीकडून एक तोंड, मधोमध उभी शिलाई. उजवा खिसा दुकानाचा, डावा घराचा. ॲप्रन गडद निळा आणि मधली शिलाई पांढऱ्या कच्च्या दोऱ्याची.

"अहो, पक्की शिलाई घाला ना आत्ताच," बायको म्हणाली.

"नंतर! आधी व्यवस्था सुरू होऊ दे!"

सोमवारी सकाळी मास्तर ॲप्रन घालून आरशासमोर उभे राहिले. आता शिंप्याची एक खोड असते. कपड्यावर कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा दिसला की त्याचा हात आपोआप जातो. मास्तरांचा तर झोपेतही जायचा. पोटावर दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं, मास्तरांनी ते ओढलं, सर्रकन लांबलचक दोरा निघाला, बोटाला गुंडाळून त्यांनी तो टोपलीत टाकला आणि मशीनवर जाऊन बसले. असे दोरे ते दिवसाला शंभर ओढत. हा कुठला होता हे त्यांच्या लक्षातही आलं नाही!

व्यवस्था मात्र झोकात सुरू झाली. गिऱ्हाइकाने पैसे दिले की उजव्या खिशात. संध्याकाळी मास्तर उभे राहायचे, उजव्या हाताने दुकानाच्या खिशातून नोटा काढायचे, खणखणीत आवाजात "पगार!" म्हणायचे, आणि डाव्या हाताने त्या घराच्या खिशात घालायचे. मग दुकानातर्फे स्वतःला "या आता!" म्हणून पडदा ओलांडून घरी यायचे.

पैसे मोजायचे मात्र नाहीत. मोजले की खर्च होतात, असा त्यांचा सिद्धांत. बोटं कशासाठी आहेत? रात्री आधी उजव्या खिशात हात घालून ते गठ्ठ्याची जाडी चाचपायचे. मग डाव्या.

बुधवारी ते चमकले. "अगं, दुकानाच्या खिशात बोटभर जाड गठ्ठा आहे!"

"बरं झालं."

"आणि घराच्या खिशातही बोटभरच!"

"दुकानाने रोज पगार दिला, मग दुकानाचं कमी नाही झालं?"

"तीच तर गंमत! पगार देऊनही दुकान लठ्ठच्या लठ्ठ! याला व्यवस्थापन म्हणतात!"

बायकोने कपाळाला हात लावला नाही, कारण हात कणकेचे होते. पण तिला ते खटकलं.

शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याला तर मास्तरांनी बोलावून घेऊन शिकवलं. "शिस्त पाहिजे, शिस्त! खिसे वेगळे केले की पैसा दुप्पट होतो." लॉन्ड्रीवाला बराच वेळ स्वतःच्या एकुलत्या एक खिशाकडे बघत उभा राहिला.

शुक्रवारी मास्तरांना घराच्या श्रीमंतीचा उमाळा आला. बायको कितीतरी उन्हाळे पंखा मागत होती. समोरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मास्तरांनी चांगल्यातला पंखा आणला आणि न बघता डाव्या खिशातून नोटा ओढून त्याच्या हातावर ठेवल्या. घराचा खिसा बारीक झाला, पण दुकानाचा भरलेला होता ना! तो त्यांनी चाचपलाही नाही. हप्त्याचा पैसा! त्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही! उलट साडूंना फोन केला, "उद्या या. हप्ता कसा भरतात ते दाखवतो!"

"पंखा लावताय ना?" बायकोने विचारलं.

"नंतर!"

शनिवारी साडू आले, मेव्हणी आली. पाठोपाठ हप्तेवालाही आला. दाराशी टेंपो आणि टेंपोत दोन हमाल. ते मशीनकडे नवरीकडे बघावं तसं बघत होते.

"हप्ता तयार आहे का मास्तर, की घेऊ उचलून?"

"थांबा!" मास्तर खुर्चीवरून उठले. "हा उजव्या हाताने दुकानाचा हप्ता काढतो, आणि हा डाव्या हाताने घरातर्फे सगळ्यांच्या चहा-बिस्किटांचे पैसे!" आणि दोन्ही हात एकदम, ऐटीत, दोन्ही खिशांत घातले.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?" साडू म्हणाले.

"आत... आत कुणीतरी आहे!"

"कुठे आत?"

"खिशात! त्याने माझा हात धरलाय!"

"सोडवा मग!"

"सोडत नाहीये! मी ओढतोय तेवढाच तोही ओढतोय!"

हमाल टेंपोतून उतरून बघायला आले. मेव्हणी खुर्चीवर चढली. मास्तर पोटाशी झटापट करत दुकानभर फिरले, इस्त्रीच्या टेबलाला धडकले आणि शेवटी बायकोने येऊन ॲप्रनची गाठच सोडली. मास्तरांचे दोन्ही हात एकमेकांना घट्ट धरून बाहेर आले. बोटांमध्ये एक मरतुकडा गठ्ठा होता. एकच.

बायकोने ॲप्रन उजेडात धरला. मधोमध सुईच्या बारीक भोकांची रेघ होती, शिलाई नव्हती.

मास्तरांच्या डोळ्यांसमोरून आठवडाभराचे पगार गेले, उजवीकडून निघून डावीकडून पुन्हा तिथेच पडलेले. बोटं चुकली नव्हती. गठ्ठा खरंच बोटभर होता. त्यांनी तो दोनदा चाचपला होता, एवढंच!

साडूंनी नोटा मोजल्या. "अर्धासुद्धा नाही," असं म्हणून ते बायकोची नजर चुकवायला लागले. हप्तेवाल्याने हमालांना खूण केली. हमालांनी मशीनला हात घातला तसं मास्तर मटकन खाली बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना खिसे शिवून दिले, आणि स्वतःचा एक धड शिवता आला नाही!

"थांबा हो जरा," बायको म्हणाली. ती पडद्याआड गेली आणि पंखा घेऊन आली. खोकं तसंच, वरची चिकटपट्टीसुद्धा न उघडलेली.

"लावला नाही?" साडूंनी विचारलं.

"हे 'नंतर' म्हणाले होते ना! पहिल्यांदा कामाला आलं ते 'नंतर'!" असं म्हणून ती रस्ता ओलांडून इलेक्ट्रिकवाल्याकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण ती पूर्ण पैसे घेऊन परत आली.

हप्ता भरला. हप्तेवाल्याने पावती फाडली. हमाल हिरमुसून टेंपोत बसले, आणि साडूंनी इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरच्या चिंध्या उडाल्या.

त्याच दुपारी बायकोने ॲप्रन मशीनखाली घेतला आणि मधली शिलाई स्वतः घातली. पक्की, तिहेरी, निळ्या दोऱ्याने. पांढरा दोरा तिने कपाटात कुलूपबंद केला.

"आता घाला हात."

मास्तरांनी भीत भीत दोन्ही हात आत घातले. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. हातांची काही भेट झाली नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"साडूबुवा, जमलं बरं का!" ते घाम पुसत म्हणाले. "आता दोन्ही खिसे अगदी वेगवेगळे रिकामे आहेत!"