गाडी चांगली आहे

हिरामणजी मेश्राम नव्या माणसाला नमस्कार करण्याआधी त्याच्या मोटारसायकलच्या इंजिनातली डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची कांडी, काढून पाहतात. नमस्कार नंतर होतो, आणि तो किती मनापासून करायचा हे डिपस्टिकवर अवलंबून असतं.

मी एका वर्तमानपत्राचा तालुका वार्ताहर म्हणून सालेकशात आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. सामान लावून बाहेर आलो, तर साठी ओलांडलेले, पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ माझ्या गाडीशेजारी उकिडवे बसले होते. उजव्या हातात माझ्याच गाडीची डिपस्टिक, डाव्या हातात धुतलेल्या धोतराचा एक तुकडा.

"कोनतं तेल टाकता?"

मी कंपनीचं नाव सांगितलं.

"नाव नाई विचारलं. आकडा विचारला."

आकडा म्हणजे तेलाच्या डब्यावर लिहिलेला असतो तो, दहा-तीस किंवा वीस-चाळीस. तेल किती पातळ आणि किती घट्ट हे त्यावरून ठरतं. मला तो माहीत नव्हता. आपली पोरगी कितवीत आहे हे ज्याला सांगता येत नाही, अशा बापाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डिपस्टिक पुसून जागेवर बसवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "जय भीम. मी मेश्राम. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो."

हिरामणजी कालवा निरीक्षक होते. सगळी नोकरी कालव्याच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, मोटारसायकलने फिरण्यात गेली. नोकरीच्या सुरुवातीला एकदा ऐन मे महिन्यात, वस्तीपासून लांब, त्यांच्या गाडीचं इंजिन जाम झालं. तेल आटलं होतं आणि त्यांनी ते पाहिलं नव्हतं. पाळीवरून गाडी ढकलत ते मुक्कामी पोचले. त्यांच्या बोलण्यात आयुष्याचे दोन भाग पडतात, इंजिन जाम होण्याआधीचा आणि नंतरचा. लग्न, नोकरी पक्की होणं, मुलीचा जन्म हे सगळं नंतरच्या भागात येतं.

त्यांचं शास्त्र अगदी पक्कं आहे. गाडी स्टँडवर सरळ उभी पाहिजे. इंजिन थोडं चालवून बंद करायचं आणि थोडा वेळ थांबायचं. डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची की पूर्ण आवळायची, हे त्या गाडीच्या पुस्तकात असतं. मित्र काय टाकतो, मिस्त्री काय म्हणतो, जाहिरातीत कोण उभा आहे, हे विचारायचं नाही. कंपनीने गाडीबरोबर दिलेलं पुस्तक काय म्हणतं तेवढंच पाहायचं. "पुस्तक वाचलं का?" हा त्यांचा दुसरा आवडता प्रश्न. ज्या गाडीला पुस्तकात दहा-तीस सांगितलं आहे तिच्यात लोक ताकद येईल म्हणून घट्ट तेल ओततात आणि पिकअप गेला म्हणून रडतात. "लेकराले दुधाच्या जागी खवा चारून राहिला गा तू," असं त्यांनी ग्रामसेवकाला भर चौकात ऐकवलं होतं.

एका लग्नात ते जेवणाच्या पंगतीत दिसेनात म्हणून शोध घेतला, तेव्हा ते मांडवामागे लावलेल्या गाड्यांच्या रांगेत सापडले. पेट्रोलचोर समजून नवरदेवाकडच्या दोघांनी त्यांचा दंड धरला होता. हिरामणजी शांत होते. त्यातल्या एकाला ते सांगत होते की तुमच्या गाडीत तेल खालच्या खुणेच्याही खाली आहे, रात्री परत जाऊ नका. तो माणूस दंड सोडून आपल्या गाडीकडे पळाला.

लग्न आणि तेल यांचा संबंध पुढे वाढत गेला. त्यांच्या एका चुलतभावाच्या मुलीसाठी मुलगा पाहायला गेलेल्या मंडळींत हिरामणजी होते. चहा येईपर्यंत त्यांनी अंगणातल्या गाडीची डिपस्टिक काढली, चुलतभावाला बाहेर बोलावून कोरडी कांडी दाखवली आणि म्हणाले, "जो गाडीले तेल देत नाई, तो पोरीले काय देईन?" ते स्थळ तिथेच सुटलं. त्या मुलाचं पुढे काय झालं, तो चांगला निघाला की वाईट, याची चौकशी कोणीच केली नाही. तरी हिरामणजींची परीक्षा अचूक असते ही बातमी तालुकाभर गेली. बातम्यांच्या धंद्यात असल्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

मग लोक त्यांना मुद्दाम नेऊ लागले. मुलांकडचेही सावध झाले. बघण्याच्या आदल्या दिवशी गाडीचं तेल बदलून घेण्याची पद्धत पडली. बसस्थानकाजवळच्या ऑइलच्या दुकानदाराला कोणाचं कुठे जुळतंय हे नातेवाइकांआधी कळू लागलं. एक लिटरचा डबा मागणाऱ्या तरुणाला तो गल्ल्यावरूनच विचारायचा, "क्यों भाई, कल मेश्रामजी आ रहे क्या?" व्हॉट्सॲपवर आलेला एक बायोडेटा हिरामणजींनी मला दाखवला. त्यात शिक्षण, उंची आणि रक्तगटाच्या खाली मुलाच्या वडिलांनी एक ओळ वाढवली होती: गाडीचं तेल वेळेवर बदलतो.

हिरामणजी बधले नाहीत. नव्या तेलावर ते विश्वास ठेवत नसत. खाली वाकून तेल काढायच्या बोल्टवर पान्याची ताजी खूण आहे का ते पाहत, आणि मग गाडी मागून घेऊन स्वतः एक फेरी मारत.

प्रश्न उभा राहिला तो त्यांच्याच मुलीच्या वेळी. सुजाता ही त्यांची एकुलती एक. ती शाळेत असताना तिची आई गेली. तेव्हापासून त्या घरात दोघंच. ती दरेकशाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि रोज सवारी जीपने जाऊन येऊन करायची. संध्याकाळी जीप थांबायच्या वेळेला हिरामणजी काहीतरी कामाने फाटकापाशी असायचेच. एक काम नेहमीचं होतं. ते स्वतःच्या गाडीची डिपस्टिक काढून पाहत बसायचे.

सुजातासाठी आलेली तीन स्थळं त्यांनी तेलावरून परत पाठवली. पहिल्या मुलाने नव्या गाडीत घट्ट तेल टाकलं होतं, म्हणून तो हट्टी. दुसऱ्याची गाडी झिजून निळा धूर सोडत होती आणि तरी तो नव्या गाडीसारखं पातळच टाकत होता, म्हणून तो दिखाऊ. तिसऱ्याचं तेल सोन्यासारखं होतं, आकडाही बरोबर होता, पण बोल्ट कालच उघडलेला. तो खोटा. तिसऱ्या नकारानंतर त्यांची बहीण आमगावहून आली आणि अंगणातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुले जवाई पाह्यजे का मिस्त्री?"

गावात वेगळंच बोललं जात होतं. मुलगी गेली की हा माणूस एकटा पडतो, म्हणून तेलाचं निमित्त काढून राहिला, असं लोक म्हणत. हिरामणजींच्या समोर हे कोणी म्हटलं नाही. त्यांना ते ठाऊक नव्हतं असंही मला वाटत नाही.

चौथं स्थळ दरेकशाचं होतं. मुलाचं नाव नितेश. सुजाता ज्या जीपने रोज जायची ती जीप चालवणारा. स्थळ कसं आलं, कोणी सुचवलं, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. मुलाकडची मंडळी येऊन मुलगी पाहून गेली होती. आता आपण त्यांचं घर पाहायला जायचं होतं. मंडळींत बहीण होती, चुलतभाऊ होता, आणि शेजारी म्हणून मी.

निघताना हिरामणजींनी नेहमीप्रमाणे कापडाचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. सुजाता दारात उभी होती. आधीच्या तीन वेळा ती एक अक्षरही बोलली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "या वेळी तेल नका पाहू."

हिरामणजींनी किक मारली, मला मागे बसायला सांगितलं, आणि दरेकसा येईपर्यंत वाटेतल्या एकाही गाडीच्या धुरावर शेरा मारला नाही.

नितेशचं घर साधं होतं. पुढे स्वच्छ झाडलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला मोहाचं झाड आणि झाडाखाली त्याची मोटारसायकल. सगळे त्या गाडीकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते. नितेशच्या वडिलांनी शेवटी स्वतःच विषय काढला. गाडी पाहून घ्या म्हणाले. हिरामणजी गाडीजवळ गेले, खिशात हात घातला, आणि हात रिकामाच बाहेर आला. डिपस्टिकला त्यांनी स्पर्श केला नाही. एक फेरी मारून येतो, एवढंच म्हणाले आणि पलीकडच्या चढाकडे निघाले.

चढ तिथून दिसत होता. आधी आवाज वाढला. मग आणखी वाढला. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने सरकत होती. अर्ध्या चढावर तीही थांबली. आवाज बंद झाला. आम्ही अंगणात उभे होतो. नितेशचा चेहरा उतरला होता. सुजाताच्या आत्याने पदर तोंडाशी धरला.

थोड्या वेळाने वळणावर हिरामणजी दिसले. ते गाडी हाताने ढकलत आणत होते. सदरा पाठीला चिकटला होता. नितेश धावत गेला. त्यांनी त्याला हँडल दिलं नाही. अंगणापर्यंत स्वतःच आणली, स्टँडवर लावली, घाम पुसायला खिशातलं ते कापड काढलं.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले.

सगळे गाडीकडे पाहू लागले.

"मस्त आहे," त्यांनी पुन्हा सांगितलं. "तारीख पाहून घ्या."

परतताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही थांबलो. मी विचारलं की त्यांनी हे असं का केलं.

"सुजातानं तेल नका पाहू म्हनलं होतं," ते म्हणाले. "मी पाह्यलंच नाई."

मालगाडीचा शेवटचा डबा गेल्यावर त्यांना राहवलं नाही. मान मागे वळवून म्हणाले, "जीपचं उरलेलं तेल टाकून राहिला बापा तो. चारचाकीचं. क्लच पूरा घसरून राहिला." मोटारसायकलच्या क्लचच्या पट्ट्या इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. चारचाकीच्या कित्येक तेलांत घसरण वाढवणारं मिश्रण असतं. ते इंजिनाला मानवतं, पट्ट्यांना मानवत नाही, आणि इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. हे सगळं त्यांनी मला घर येईपर्यंत सांगितलं. मुलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

लग्न झालं. हिरामणजींनी लग्नात एकाही गाडीला हात लावला नाही, हे पाहुण्यांनी एकमेकांना सांगितलं.

आता ते महिन्यातून एका रविवारी दरेकशाला जावयाच्या गाडीचं तेल बदलायला जातात. बरोबर एक लिटरचा डबा, पाना, घमेलं आणि कापड. ज्या माणसाने मला पुस्तक पाठ करायला लावलं त्याला मी एकदा पुस्तकाचीच आठवण करून दिली. त्यात तेल हजारो किलोमीटर चालतं असं लिहिलं आहे आणि नितेश तर दिवसभर जीपवर असतो. "पुस्तक लिहिनाऱ्यानं दरेकसा पाह्यलं नाई," हिरामणजी म्हणाले. "तिकडं धूळ लय आहे."

कचारगडच्या यात्रेच्या बातमीसाठी मला त्या बाजूला जायचं होतं, तेव्हा एका रविवारी आम्ही बरोबरच गेलो. हिरामणजी हातपाय धुवायला विहिरीकडे गेले, तेवढ्यात मी नितेशला विचारलं की आता तो कोणतं तेल टाकतो. त्याने आकडा सांगितला. दुचाकीचंच का, हे सांगितलं. क्लचच्या पट्ट्या कशाने घसरतात हेही सांगितलं. मग इतकं माहीत असून स्वतःच का बदलत नाही, म्हटलं. त्याने स्वयंपाकघराकडे मान केली आणि आवाज खाली आणला.

"सुजाता हात लावू देत नाई, भाऊ. म्हनते, बाबाचं काम आहे."

हिरामणजी आले. मोहाच्या झाडाखाली उकिडवे बसले, डिपस्टिक काढली, पांढऱ्या कापडावर पुसली. मी त्यांच्या मागेच उभा होतो. कापडावर जो डाग पडला तो मधाच्या रंगाचा होता, काळेपणा नव्हताच. गाडीत ते तेल आणखी सहा महिने सहज चाललं असतं. त्यांनी कापडाची पटकन घडी केली.

"कारं पडलं," ते घराकडे तोंड करून म्हणाले. "बदलावं लागते."

त्यांनी घमेलं खाली सरकवलं आणि बोल्ट उघडला. आधी धार, मग थेंब. आतून सुजाता सूप घेऊन ओट्यावर येऊन बसली आणि तिने आता कुठे तांदूळ निवडायला घेतले.

"पूरं निथरू द्या, बाबा," ती म्हणाली. "घाई नका करू."